प्रश्न क्रमांक सात

फॉर्मवर माझं नाव एकाच जागी:
माहिती घेणारी – झिमखिता,
आहारशास्त्र, तिसरं वर्ष.
एका फॉर्ममागे पंधरा रँड.
दहा फॉर्म म्हणजे मक्याच्या पिठाची पाच किलोची पिशवी
आणि वर पिलचर्ड माशांचा एक डबा.
हा हिशेब फॉर्मवर नाही.

हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी
टेबल मांडून बसलेय.
फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव,
दुधाच्या एका बाटलीवर पेनाची रेघ,
खाली बारीक अक्षरात:
इथपर्यंत होतं. मी बघून ठेवलंय.

प्रश्न तीन.
गेल्या चार आठवड्यांत आवडीचं खाता आलं नाही, असं झालं का?
न्वाबिसा खुर्चीत मागे रेलून हसते.
"लिही, आवडच बदलली."
तिच्यासाठी चौकोन नाही.
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा.
"कुठल्या आठवड्याचं विचारतेस पण?
भत्ता येतो त्या आठवड्यात मी राणी असते,
टॅक्सी थांब्यावरच्या मावशीकडची गरम अमाग्विन्या,
आत किसलेलं चीज.
तिसऱ्या आठवड्यात मी चहा असते.
यंदा तर भत्ताच सात आठवडे आला नाही."

लुखान्यो, रग्बीवाला, दारातूनच सांगतो:
"माझं 'कधीच नाही' लिही. मला भूकच लागत नाही."
त्याच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं
नवं भोक आहे, जुन्यापासून दोन बोटं आत.
डोळ्यांना दिसतं ते लिहायचं नाही,
प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितलंय.
मी लिहिते: कधीच नाही.

काल वर्गात मॅडमनी पडद्यावर ताट दाखवलं,
चार रंगांत वाटलेलं. दुपारचा एक वाजला होता.
मागून कुणीतरी पुटपुटलं, "आता चव पण दाखवा."
मग लोहाची कमतरता:
थकवा, पांढुरके ओठ, ठिसूळ नखं,
बर्फ चघळायची ओढ.
मी वहीत सगळं उतरवलं,
शेवटची ओळ सोडून.
महिनाभर मी फ्रिजरमधला बर्फ
कडाकडा फोडून खातेय,
मला वाटत होतं, उकाडा आहे म्हणून.

आईचा फोन रात्री नऊला.
तिच्या फॉर्ममध्ये एकच प्रश्न: जेवलीस?
आणि मी, हाडाची माहिती घेणारी,
तीन वर्षं तिला खोटी माहिती देतेय.

शेवटचा आला अयाबुलेला.
पहिलं वर्ष, बांधकाम शाखा,
हातात ॲल्युमिनियमचं पोचे पडलेलं पातेलं.
एक ते सहा भराभर झाले.
सात: गेल्या चार आठवड्यांत एखाद्या रात्री
उपाशी झोपलात का?

त्याने पेन माझ्या हातून काढून घेतलं.
"आधी तू सांग."
मी म्हटलं, तसं चालत नाही.
"मग माझंही चालत नाही."
फ्रिज घरघरला, थांबला.
आणि नेमकं तेव्हाच
माझं पोट मोठ्याने बोललं.
त्याला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं.

तो काही बोलला नाही.
पातेल्यात पाणी ठेवलं, आधण आलं,
पिशवी झटकून झटकून पीठ वैरलं,
लाकडी चमच्याने घोटत राहिला
माझ्याकडे पाठ करून,
मला तोंड पुसता यावं इतका वेळ.
मीठ माझ्याकडे होतं.
चिकटपट्टी लावलेलं, माझ्या नावाचं.

सातवा प्रश्न कोराच राहिला.
अपुऱ्या फॉर्मचे पैसे मिळत नाहीत,
पंधरा रँड गेले.
त्या पंधरा रँडचा विचार
मी जेवताना दोनदा केला, खोटं कशाला बोलू.

पातेलं रिकामं झालं तेव्हा
तळाशी खरवड धरलेली होती,
कडेने करपलेली, तांबूस.
त्याने चमचा पुढे केला.
मी म्हटलं, तुझं पातेलं, तुझी खरवड.
तो म्हणाला, मीठ कुणाचं?

बराच वेळ भांडलो आम्ही.